टाळकरी तलवार उचलतो

साठीनंतर माणसाने तलवार हातात घ्यावी की नाही, याबद्दल कुठल्याही महाराजांनी कीर्तनात काही सांगितल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. आणि माझं ऐकणं थोडंथोडकं नाही. जळगावात, आणि जळगावहून एसटी जाते तिथपर्यंत कुठेही सप्ताह बसला, की टाळकऱ्यांच्या मागच्या ओळीत जे जरा रुंद गृहस्थ डोळे मिटून उभे असतात, ते मी. नाव पितांबर, कॉलनी मला नाना म्हणते. अशा माणसावर मध्ययुगीन चिलखत घालून एका अनोळखी किल्ल्यात परक्या माणसांकडून मरण्याची वेळ का आली, ते सांगतो.

सुरुवात चपलांपाशी झाली. मोठ्या भानगडी नेहमी चपलांपाशीच सुरू होतात, कारण तिथे माणूस एका पायावर उभा असतो आणि त्याला पळता येत नाही. मारुती मंदिरातलं कीर्तन संपलं होतं. समोरच्या बंगल्यातले कापडवाले लखीचंदजी जैन असूनही आमच्या कीर्तनाला न चुकता येतात. मृदंग त्यांना आवडतो. त्यांनी विचारलं, "नानासाहेब, यंदाच्या सप्ताहाला तरी दिपमाला येणार का?"

"बघू. पुण्याला कंपनीत मोठं काम चाललंय तिचं."

"म्हणजे अजून ते गेमचंच?"

"हो."

"चांगलं आहे," लखीचंदजी प्रेमाने म्हणाले. "खेळायचंच वय आहे."

दिपमाला बत्तीस वर्षांची आहे.

मी एका पायावर उभा होतो तरी बाणेदारपणे म्हणालो, "लखीचंदजी, ती खेळत नाही. ती लढाईचे नियम बनवते."

"कोणाच्या लढाईचे?"

इथे माझी अडचण झाली. कोणाच्या, ते मलाही माहीत नव्हतं. मी दुसरी चप्पल शोधायला लागलो. ती माझ्या पायातच होती.

घरी येऊन मी दिपमालाला फोन लावला. तिने समजावून सांगितलं ते असं. पंधराएक वर्षांपूर्वी एक खेळ निघाला होता. पडके किल्ले, धुकं, ढाल-तलवारी घेतलेले वीर. जगभरात तो गाजला. आता तो नव्याने काढायचा होता.

"म्हणजे जीर्णोद्धार," मी म्हणालो.

"अगदी तसंच, नाना! मूर्ती तीच, गाभारा तोच. फरशी नवी, रंग नवा, गळती बंद. आणि त्यात खेळणारी माणसं एकमेकांशी लढतात ना, त्या लढाईचं गणित माझ्याकडे आहे. कुठला फटका किती लागावा, ढालीने किती अडावं, कधी लागूच नये."

"हे एवढं सगळं तुझ्याकडे?"

"माझ्याकडे आणि आमच्या टीमकडे."

टीमचं मी सोडून दिलं. मुलीच्या कर्तृत्वात टीम आणली की बापाला सांगताना धाप लागते. मी म्हणालो, "मग सप्ताहाला ये आणि हे सगळ्यांना सांग."

मग ती म्हणाली, "नको नाना. चपला काढेपर्यंत बायका लग्नाचं विचारतात, टाळ हातात घेईपर्यंत पुरुष नोकरीचं. मी नोकरी सांगितली की सगळे असे बघतात, जसं काही मला अजून काम मिळालेलं नाही आणि तुम्ही ते लपवताय. मी नाही येत."

ही तीच मुलगी, जी परकराच्या वयात वाटीएवढे टाळ घेऊन माझ्या पायांत उभी राहायची. गेली कित्येक वर्षं माझ्या शेजारची ती जागा रिकामी आहे. म्हणजे तिथे जोशांचे जावई उभे राहतात, पण ठेक्याच्या दृष्टीने ती रिकामीच.

त्याच दिवशी मी ठरवलं. सप्ताहात कीर्तनाच्या आधी, सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर, सगळ्या कॉलनीसमोर मी स्वतः तो नवा खेळ खेळून दाखवणार. माझ्या मुलीचं काम काय आहे ते लोकांनी डोळ्यांनी पाहावं. मग ती येईल, ताठ मानेने येईल. ही बातमी मी लगेच चारचौघांत जाहीर केली आणि परतीचा रस्ता स्वतःच बंद करून टाकला.

गुरू म्हणून लखीचंदजींचा नातू श्रेयांस मिळाला. इंजिनिअरिंगला आहे. घरी मुंगी दिसली तर कागदावर घेऊन बाहेर सोडतो. या खेळात मात्र त्याच्या नावाने जिल्ह्याबाहेरही लोक थरथरतात, असं त्यानेच सांगितलं. दिपमाला त्या कंपनीत आहे हे ऐकून तो म्हणाला, "खरंच? म्हणजे टेस्टिंगला वगैरे असतील." हे 'वगैरे' मला फार लागलं. पण गुरूला उलट बोलता येत नाही.

नवा खेळ यायला अवकाश होता, म्हणून त्याने आपलं जुनं यंत्र आणि जुना खेळ आमच्या टीव्हीला जोडून दिला. खात्यासाठी जन्मसाल विचारलं गेलं. मी ते शोधत शोधत इतका खाली गेलो की यंत्राने मध्येच विचारलं, आपण अजून इथे आहात का? वीराचं नाव 'टाळकरी' ठेवलं. चेहऱ्याला गंध लावायची सोय नव्हती, तेव्हा कपाळावर जखमेची जी खूण मिळत होती ती उभी करून घेतली.

"नाना, कंट्रोलर असा घट्ट नका आवळू."

"मग कसा?"

"दोन्ही हातांत, हलका. प्रसादाचा द्रोण धरता ना, तसा."

हा मुलगा पुढेमागे मोठा शिक्षक होणार.

मग त्याने विद्या दिली. पडद्यावर एक हिरवी पट्टी असते, तो तुमचा दम. फटका मारला की दम खर्च होतो, ढालीवर मार झेलला तरी होतो, लोळण घेतली तरी होतो. दम संपला की वीर पुतळ्यासारखा उभा राहतो आणि समोरचा आपलं काम उरकून घेतो. महाराजांच्या मागे वरच्या पट्टीत धृपद धरणाऱ्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पण लोळणीचं प्रकरण मला नवीन होतं.

"लोळण घेताना एक क्षण असा असतो," श्रेयांस म्हणाला, "की तलवार तुमच्यातून आरपार जाते, पण लागत नाही."

"असं कसं?"

"नियम आहे."

"कुणी केला?"

"असतो, नाना. नियम कुणी करत नसतं."

मी मनात म्हटलं, बाळा, करतं.

आता खरी गोष्ट. या खेळात तुम्ही आपले एकटे भटकत असता, आणि अचानक एक लालभडक माणूस तुमच्या जगात शिरतो. तो खराखुरा कुणीतरी असतो, कुठल्यातरी देशात आपल्या घरी बसलेला, आणि तो तुम्हाला मारायलाच आलेला असतो. माझ्याकडे पहिला लाल माणूस आला तेव्हा मी काय केलं? जे कुणीही सभ्य माणूस करेल तेच. कंट्रोलरवर नमस्काराचं बटण आहे, ते दाबलं. टाळकरी कमरेत खोल वाकला.

इथे थोडं समजून घ्या. कीर्तन संपलं की आमच्यात सगळे एकमेकांच्या पाया पडतात. वय नाही, पैसा नाही, हुद्दा नाही. कलेक्टर वाकला तर तुम्ही वाका, पाच वर्षांचं पोर वाकलं तरी तुम्ही वाका. आधी उठणं हे जरा कमीपणाचं मानतात, म्हणून दोन जुने टाळकरी समोरासमोर आले तर दोघेही वाकलेलेच राहतात आणि तिसऱ्याला येऊन सोडवावं लागतं. माझ्या कंबरदुखीचं मूळ तिथेच आहे. तेव्हा मी वाकलो आणि समोरच्याच्या वाकण्याची वाट पाहू लागलो. तो शांतपणे माझ्या मागे गेला आणि पाठीत तलवार खुपसली.

मला वाटलं, नवखा असेल. दुसरा आला, मी वाकलो, त्याने खुपसली. सुरतेचा आला, कोरियाचा आला, ब्राझीलचा आला. थोडक्यात, जगातल्या बहुतेक खंडांतल्या लोकांनी माझ्या पाठीत सुरी घातली आणि प्रत्येक वेळी मी नमस्कारात होतो.

"नाना, नमस्कार करू नका ना," श्रेयांस काकुळतीला आला.

"तू करत नाहीस?"

"पूर्वी करायचो. आता कुणीच करत नाही. जो करतो तो मरतो."

माझी बायको शेवंता पिंपळनेरची. चिडली की तिची अहिराणी बाहेर येते. ती दाण्याचं कूट करता करता टीव्हीकडे बघत होती. म्हणाली, "बठ्ठं जग तुमले मारी ऱ्हायनं, आनि तुम्ही त्यासना पाया पडी ऱ्हायनात!"

पण हात ऐकेना. लाल माणूस दिसला की अंगठा नमस्कारावर. इतक्या वर्षांची सवय अंगठ्यातसुद्धा उतरते, हे मला आत्ता कळलं.

लढण्यात मात्र प्रगती होती. शत्रूचा फटका नेमक्या क्षणी ढालीने झटकला तर तो उघडा पडतो. हा क्षण म्हणजे सम. मी तोंडाने ठेका धरला आणि किल्ल्यातले यंत्राचे सैनिक पटापट झटकू लागलो. परदेशी माणसांपुढे ते जमेना, कारण त्यांचा फटका लांबून, तारेतून येतो. मृदंग एका गावात आणि टाळ दुसऱ्या गावात असं ते कीर्तन. कोरियाची सम माझ्यापर्यंत येईपर्यंत मी मेलेला असे.

शेवटी न राहवून मी दिपमालाला फोन केला. "दिपे, ही कसली माणसं? मी नमस्कार करतोय आणि हे पाठीत वार करतात!"

ती खूप हसली. मग हसायची थांबली. "नाना, तुम्ही प्रत्येकाला नमस्कार करता?"

"म्हणजे काय? दारात आलेल्या माणसाला!"

"जुन्या खेळात ते तसंच होतं."

"आणि नव्यात?"

"कंपनीचं बाहेर सांगता येत नाही. सही केलीये मी. पण नाना, लोकांसमोर खेळायचा वेडेपणा करू नका. हसतील तुम्हाला."

"मला हसतात की काय ते बघायला तू ये."

"सुट्टी नाही," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

सभागृह सोसायटीचं. सोसायटीचे अध्यक्ष यादवभाऊ, निवृत्त मुख्याध्यापक. आंबेडकर जयंतीची मिरवणूकही ते मिनिटागणिक आखतात, आणि त्यांनी आखलेली मिरवणूक वेळेवर पोचते. माझे जिवलग मित्र, पण अर्जाशिवाय ते मला पाणीसुद्धा देत नाहीत. मी अर्ज दिला. त्यांनी तो परत केला, कारण विषयात नुसतं 'लढाईबाबत' असं होतं. सुधारून 'सभागृहात आभासी तलवारबाजी करणेबाबत' असा दिला. तो बैठकीत आला.

"मंदिराच्या शेजारी मारामारी?" एका सदस्याने हरकत घेतली.

मी उभा राहिलो. "महाराज नेहमी कीर्तनात काय सांगतात? कुरुक्षेत्र सांगतात, लंका सांगतात. गेल्या सप्ताहात तर कुंभकर्ण पडला तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या!"

"तो पडला हे ऐकलं. पाहिलं नाही."

यादवभाऊंनी तोडगा काढला. "परवानगी द्यायला हरकत नाही, अटींवर. रक्त दिसणार नाही, कीर्तनाच्या वेळेला धक्का लागणार नाही, आणि खेळणाऱ्याने पराभव झाल्यास सोसायटीला जबाबदार धरू नये." शेवटची अट सगळ्यांनी हसत हसत मंजूर केली. ते हसणं मी लक्षात ठेवलं.

नवा खेळ आला तो सप्ताहाच्या तोंडावर. तो तारेतून घरात उतरवायचा असतो. आमचा उतरता उतरता अडकला. इंटरनेटवाला स्वप्नील शिडी लावून बघून आला. "नाना, खारीने वायर खाल्ली."

"मग?"

"खार पोट भरून गेली. मी काय करू? आणि तुमच्या सभागृहात तर लाइनच नाही. लखीचंदजींच्या गॅलरीतून ओढावी लागेल."

लखीचंदजींनी मोठ्या मनाने वायर दिली. ती त्यांच्या गॅलरीतून निघून निंबाच्या झाडावरून, देवळाच्या ध्वजाला वळसा घालून सभागृहात शिरली. सगळी वायर ओढून झाल्यावर त्यांनी विचारलं, "यावर काय दाखवणार?"

"मी आणि श्रेयांस लढणार आहोत."

"तलवारीने? आमचा श्रेयांस?" त्यांचा चेहरा उतरला. "नानासाहेब, खोटी का होईना, हिंसा ती हिंसा. पण शब्द दिला आहे, वायर राहू द्या." आणि त्या संध्याकाळी ते पहिल्या रांगेत येऊन बसले, कारण नातवावर लक्ष ठेवायला हवं होतं.

सभागृह भरलं होतं. काहीजण कीर्तनाला लवकर आले होते, बरेचसे मला बघायला आले होते. महाराजही चहा घेऊन खुर्चीवर येऊन टेकले. मृदंगवाला मृदंगाला कणीक थापटत एका डोळ्याने पडद्याकडे पाहत होता. मी छोटंसं प्रास्ताविक केलं. माझी मुलगी, तिचं काम, जीर्णोद्धार. "नाना, वेळ," यादवभाऊ मनगटावर बोट आपटत म्हणाले. मागून कुणीतरी पुटपुटलं, "दिपमालाच्या ऐवजी नानाच नोकरीला लागलेले दिसतात." मला ऐकू आलं. कान अजून चांगले आहेत.

खेळ सुरू झाला. किल्ला तोच होता, पण काय देखणा झाला होता! दगडावरचं शेवाळ दिसत होतं, मशालींच्या ज्योती हलत होत्या. "अरे वा," महाराज म्हणाले. मी छाती भरून घेतली. समोरून श्रेयांसचा लाल वीर आला, हातात पुरुषभर उंचीची तलवार. आणि माझा अंगठा, इतक्या सरावानंतर, शेवंताने देवासमोर शपथ घालूनसुद्धा, सरळ नमस्काराच्या बटणावर गेला.

टाळकरी कॉलनीसमोर कमरेत वाकला.

श्रेयांसचाही दोष नाही. त्याच्याही अंगठ्याला सवय होती. लाल वीर सरकन माझ्या मागे गेला आणि तलवार खाली आली. मी डोळे मिटले. शेवंताचा 'ओ माय' ऐकू आला.

डोळे उघडले तर टाळकरी वाकलेलाच. जिवंत. तलवार त्याच्यातून पाण्यातून जावी तशी आरपार गेली होती.

"हे काय?" श्रेयांस म्हणाला आणि पुन्हा वार केला. पुन्हा आरपार.

आता उठून लढावं म्हणून मी बटण सोडणार, तेवढ्यात बायकांच्या बाजूने, पार मागून, चपलांजवळून आवाज आला. "नाना, उठू नका! तसेच वाकून राहा!"

मी वळून पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. ठेका ओळखीचा होता.

दिपमाला खांद्यावर पिशवी, बसमध्ये चुरगळलेला ड्रेस अशा अवतारात लोकांतून वाट काढत पुढे आली. श्रेयांस तिच्याकडे बघून अडखळला. "ताई, हा बग आहे का?"

"बग नाही. नियम आहे."

"कुणी केला?"

"मी केला."

सगळं सभागृह ऐकत होतं. लखीचंदजी चष्मा पुसायला लागले.

"माणूस नमस्कारात वाकलेला असेतोवर त्याला शस्त्र लागत नाही," ती म्हणाली. "तो स्वतःही वार करू शकत नाही. समोरच्याने उलट नमस्कार केला तर दोघं एकदम उठतात, दोघांचा दम पूर्ण भरलेला. मग लढायचं. आमच्या मीटिंगमध्ये सगळे म्हणाले, कशाला हवं हे, जगात कोण नमस्कार करत बसतं? मी म्हटलं, मी लहान असताना कीर्तनानंतर शेकडो माणसं एकदम वाकायची. मी त्यांच्या पायांत असायचे, पण मला कधी कुणाचा पाय लागला नाही. वाकलेल्यांच्यात कुणाला लागत नाही, एवढंच मला माहितीये. भांडले आणि घालून घेतलं."

महाराजांनी कप खाली ठेवला. "पोरी, नाव काय म्हणालीस तुझं?"

पडद्यावर मी वाकलेलाच होतो. लाल वीर माझ्याभोवती फेऱ्या मारत होता. श्रेयांसने तलवार उगारली, खाली केली, पुन्हा उगारली. यादवभाऊ म्हणाले, "हे असं किती वेळ चालणार? अटींमध्ये वेळ नमूद आहे."

"मला काही घाई नाही," मी म्हणालो. वाकून राहण्याच्या बाबतीत जिल्ह्यात माझा हात धरणारा कुणी नाही.

शेवटी लाल वीर माझ्यासमोर आला, थांबला, आणि वाकला. सभागृहात जी टाळी पडली, ती कुंभकर्णालासुद्धा पडली नव्हती. दोघं एकदम उठलो, दोघांच्या हिरव्या पट्ट्या काठोकाठ. आणि मग श्रेयांसने मला एका फटक्यात मारलं. ते योग्यच होतं. लढाईत मी अजून कच्चा आहे. पण लोकांनी टाळ्या थांबवल्या नाहीत. मी हरलोय हे बहुतेकांच्या लक्षातच आलं नाही.

एका माणसाच्या लक्षात मात्र दुसरंच काही आलं होतं. लखीचंदजी उठले आणि नातवापुढे उभे राहिले. "श्रेयांस. वाकलेल्या माणसावर तलवार चालवली तू?"

"दादाजी, गेम आहे."

"दोनदा चालवली!"

श्रेयांस लाल झाला, वीराहून लाल. माझ्याकडे आला, हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम, नाना." पर्युषणानंतर ते लोक एकमेकांची क्षमा मागतात, तशीच मागितली त्याने, मनापासून. मग लखीचंदजी दिपमालाकडे वळले. "बेटी," ते म्हणाले, "मी त्या दिवशी चपलांपाशी काहीतरी बोललो होतो नानासाहेबांना. तू ते ऐकलं नाही ना?"

"नाही काका. काय बोलला होता?"

"काही नाही, काही नाही," ते घाईघाईने म्हणाले. "वायर उद्यापण राहू द्या. सगळ्यांना दाखवू."

तेवढ्यात श्रेयांस माझ्या पाया पडायला वाकला. मीही वाकलो. दोघंही एकदम, दोघंही पूर्ण दमाने. दोन्ही डोकी अशी आपटली की मृदंगवाल्याला वाटलं, कीर्तन सुरू झालं.

त्या संध्याकाळी महाराजांनी दिपमालाची गोष्ट कीर्तनात घेतली. खेळाचं नाव त्यांना नीट सांगता आलं नाही, पण तिचं आलं. ती माझ्या शेजारी उभी होती. जोशांचे जावई स्वतःहून एक जागा सरकले होते. हातात मोठे टाळ, आणि सम एकदाही चुकली नाही. चपलांपाशी बायकांनी तिला गाठलंच, लग्नाचं विचारलंच. तिने नमस्कार केला आणि वाकूनच राहिली, त्या कंटाळून निघून जाईपर्यंत.

माझ्या कपाळावर अजून टेंगूळ आहे. दुकानात, बँकेत, एसटी स्टँडवर लोक विचारतात, "नाना, हे काय लागलं?"

मी सांगतो, "तो नमस्काराचा नियम बाहेर अजून लागू झालेला नाही. पण माझी मुलगी त्याच खात्यात आहे."